नव्वद अंश

पाचशेची एक नोट, चार घड्यांची,
आणि शेठचं वाक्य: "सेट आण. स्वस्तातला. सगळे साइझ हवेत."
शेठला सगळे साइझ नेहमीच हवे असतात.
काम मात्र एकाच स्क्रूचं आहे.
दवाखान्याच्या खाटांचे कठडे, पाच एमेमची पट्टी,
चारशे साठ भोकं,
आणि प्रत्येक भोकात स्क्रूचं डोकं असं बुडायला हवं
की वरून कापड ओढलं तर अडू नये.

नागदेवी स्ट्रीटला सकाळी अकरा वाजता
हातगाडीला वाट लागते, माणसाला खांदा.
ताहेरभाई काचेवर डबी ठेवतात, नथ दाखवावी तशी.
सहा नग. सोनेरी. तीनशे चाळीस.
"टायटॅनियम छे, बेन."
सोनेरी रंगावरचा माझा विश्वास
आयटीआयच्या दुसऱ्या वर्षीच घासून गेला.
मी नखावर धार टेकवते.
चांगली धार नखाला धरते.
ही घसरते, उधारी मागितल्यावर नजर घसरावी तशी.

"कोन किती?"
ताहेरभाई डबी उलटी करतात. डबीलाही ठाऊक नाही.
नव्वद हवा. ब्याऐंशीचा निघाला
तर डोकं नुसतं काठावर बसतं, खाली पोकळ,
चार दिवस शहाण्यासारखं राहतं
आणि मग हलू लागतं.

पर्समध्ये रुमाल, पास, डोकेदुखीची गोळी
आणि पट्टीचा एक तुकडा, भोकांसकट.
शेजारच्या गिरधर वाइंडिंगवाल्याकडे ड्रिल मागते.
सोनेरी नग टेकवला मात्र,
कर्रर्र,
बाकावरचा चहाचा ग्लास नाचत कडेपर्यंत गेला.
भोक गोल राहिलं नाही. सहा पाकळ्या उमटल्या.
गिरधर वाकून बघतो.
"फूल मस्त आलंय. देवाला वाहा."

मग ताहेरभाई न बोलता खालचा कप्पा ओढतात.
तेलकट कागदात एकटाच, काळपट,
त्याला दातही नाहीत.
नुसता शंकू, आणि पोटातून तिरपं आरपार भोक.
त्या भोकाचीच एक कड कापते.
म्हणजे भोकाला भोकच वळण लावतं.
हे मला कुणी वर्गात असं सांगितलं असतं
तर मी वहीत लिहून घेतलं असतं.

ड्रिल सावकाश. तेलाचा एक थेंब.
आवाज नाही.
एक साल निघाली, अखंड,
आईच्या विळीवर दुधीची निघते तशी,
आणि खाली उरली एक स्वच्छ वाटी, चकचकीत.
"पाचशे चाळीस."
"एकाचे?"
"एकाचेच."

बाबांच्या खाटेला एक स्क्रू वर आलेला होता.
सलाइनचा हात कुशीवर वळताना तिथेच सोलायचा,
तीनदा सोलला, तिसऱ्यांदा मी त्यावर कापूस बांधला.
हे मी ताहेरभाईंना सांगितलं नाही.
घासाघीस चालू असताना असलं काही काढायचं नसतं.
मी म्हटलं, पाचशे.
ते म्हणाले, वीस.
दहावर तुटलं. वरचे दहा माझे.

कुर्ल्याच्या गाळ्यात शेठनं कागद सोडला
आणि बाकीचे पाच शोधत कागद झटकला.
"तांडेल, लोकं साडेतीनशेत सहा आणतात."
मी काही बोलले नाही.
पट्टी पुढे केली, स्क्रू बसवलेली.
"डोळे मिटा. बोट फिरवा."
आश्चर्य म्हणजे त्यांनी मिटले.
बोट गेलं, परत आलं, पुन्हा गेलं.
"कुठंय स्क्रू? काहीच लागत नाही."
"तेच आणलंय."

शेठनं डोळे उघडले, बोट पँटला पुसलं.
"बिल?"
बिल तर मी घेतलंच नव्हतं.